राऊच्या पुढचं घर, पश्चिमेचा वारा आणि नरवाईची आग

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. इंदूरहून महूला जाताना राऊ ओलांडल्यावर दीड एकर जागा आहे, त्यात पक्कं बैठं घर, पुढे कवेलूची (कौलांची) पडवी, मागे पत्र्याचा गोठा. सत्तरी ओलांडलेले आई-बाबा तिथेच राहतात. पश्चिमेला कुंपणाला लागून गव्हाची शेतं, दक्षिणेला गवताचं बरड टेकाड. गेल्या एप्रिलमध्ये कुणीतरी पेटवलेली नरवाई (कापणीनंतर शेतात उरलेलं गव्हाचं काड) वाऱ्याबरोबर कुंपणापर्यंत आली आणि वारा पडला म्हणून तिथेच थांबली. यंदा पाण्याचा टँकर भरून ठेवला तर पुरेल का, आणि आई-बाबांना त्या दिवसांत तिथे राहू द्यावं का?

टँकर जरूर ठेवा, पण त्याच्यावर भिस्त ठेवू नका. कारण साध्या हिशेबात आहे. वाळलेल्या गवताची किंवा नरवाईची आग सपाट जमिनीवर वाऱ्याच्या वेगाच्या साधारण पाचव्या हिश्शाने पुढे सरकते. म्हणजे ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर आग ताशी ६ किलोमीटर, मिनिटाला १०० मीटर. शेताच्या दुसऱ्या टोकाला, ४०० मीटरवर धूर दिसला, तर तुमच्याकडे चार मिनिटं आहेत. तेवढ्यात टँकरचा पाइपसुद्धा उलगडून होत नाही, आणि शहरातून निघालेला बंब तर राऊचा चौकही ओलांडलेला नसतो. त्यामुळे या आगीशी जे काही करायचं ते आग लागण्याच्या आधी, होळीच्या सुमारास करायचं.

आधी वारा ओळखायला शिका. एप्रिल-मे महिन्यांत माळव्यात वारा मुख्यतः पश्चिमेचा आणि वायव्येचा. सकाळी अकरानंतर चढतो, दोन ते पाच सर्वात जोरात असतो, आणि सूर्य कलला की पडतो. यंत्र नसलं तरी चालतं. धूळ आणि कागद उडायला लागले की वारा ताशी २० ते २८. लहान झाडं अख्खी डोलायला लागली की तीसच्या पुढे. विजेच्या तारा शिट्टी वाजवायला लागल्या की चाळीस. त्या शिट्टीला घरात सगळ्यांनी कान द्यायला शिकलं पाहिजे, कारण तिथपासून शेतातली आग माणसाच्या हाताबाहेर असते. दुसरी गोष्ट कोरडेपणाची. गवताची काडी इतकी बारीक असते की हवेतली ओल ती तासा-दोन तासांत घेते किंवा सोडते. काल संध्याकाळी सडा पडला म्हणून आजची दुपार सुरक्षित, हा समज चुकीचा आहे. काडी हातात चुरगाळून पाहा. वाकली तर थोडी ओल आहे, कडकन मोडून पूड झाली तर एक ठिणगी पुरे.

मे महिन्याच्या शेवटी आणखी एक धोका असतो. दुपारचा वारा पश्चिमेचा असतो, पण ढग भरून वादळी हवा सुटली की ढगाखालून गार वाऱ्याचा लोट येतो आणि दिशा क्षणात फिरते. पूर्वेकडे चाललेल्या आगीची बाजूची, शांतपणे जळणारी लांबलचक कड अचानक तोंड, म्हणजे वेगाने पुढे धावणारी बाजू, बनते. आग विझवताना माणसं सापडतात ती बहुतेक अशा वेळी. पश्चिमेला काळं आभाळ दिसलं की शेतात उतरू नये.

आता घर. लोकांच्या डोळ्यांसमोर ज्वाळांची भिंत असते, पण पक्क्या घराला ती सहसा पेटवत नाही. गवताच्या आगीचं तोंड एका जागी एक-दोन मिनिटंच टिकतं, विटांची भिंत तेवढं सहज सोसते. घर पेटतं ते उडून आलेल्या निखाऱ्यांनी, आणि पुष्कळदा आग पुढे निघून गेल्यावर. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसला सांता आना नावाच्या कोरड्या वाऱ्यात पॅलिसेड्स आणि ईटन या दोन आगींनी मिळून १६,००० हून अधिक इमारती गेल्या. तिथेही निखारे वाऱ्याने पुढे जाऊन पडत होते, आणि मग एक घर शेजारच्या घराला पेटवत होतं. आपल्याकडे लाकडी घरं नाहीत हे आपलं भाग्य. पण निखाऱ्याला पेटवायला घराबाहेर आपण बरंच काही ठेवलेलं असतं.

भिंतीपासून दीड मीटर, म्हणजे साधारण दोन पावलं, हा पट्टा पूर्ण मोकळा करा. फरशी, मुरूम, खडी काहीही चालेल, जळणारं काही नको. तुमच्या घराभोवती एप्रिलमध्ये चक्कर मारलीत तर हे सापडेल: दारातलं काथ्याचं पायपुसणं, कोपऱ्यात उभी केरसुणी, पडवीत रचलेल्या गोवऱ्या, प्लास्टिकच्या खुर्च्या, हिरव्या जाळीचा मांडव. आणि दारावर गुढीपाडव्याचं आंब्याचं तोरण. पाडव्याला ते हिरवंगार असतं, तीन आठवड्यांनी त्याची पानं कागदासारखी वाजतात, आणि ते टांगलेलं असतं नेमकं लाकडी चौकटीला चिकटून. पाडव्याच्या चौथ्या दिवशी उतरवा. गच्चीवरही तेच. या दिवसांत पापड-कुरडया वाळत असतात, खाली जुनं सुती लुगडं किंवा प्लास्टिक पसरलेलं असतं. कठड्याच्या कोपऱ्यात कडुनिंबाचा पाला साचतो आणि पाणी जायची नळी तुंबते. दर दोन दिवसांनी गच्ची झाडायची, एवढं एक काम बाबांकडे सोपवता येईल.

कूलरकडे कुणाचंच लक्ष नसतं, म्हणून त्याच्यावर थोडं थांबतो. पश्चिमेच्या खिडकीला पत्र्याचा कूलर, त्याला तिन्ही बाजूंनी लाकडाच्या कुरळ्या कापांची किंवा खसची पॅडं. कूलर चालू आणि पॅड ओलं तोवर निखारा त्यावर विझतो. पण कूलर बाहेरची हवा ओढतो, म्हणजे सगळा धूर घरात. आणि आग तारांखाली आली की वीज हमखास जाते. पंप बंद पडला की ४२ अंशांच्या वाऱ्यात पॅडचा वरचा थर काही मिनिटांत कोरडा होतो. आता खिडकीला लावलेली, हवा खेळती असलेली, वाळलेल्या लाकडाच्या कुरळ्या कापांची चौकट तुमच्यापाशी आहे. चूल पेटवायला यापेक्षा चांगलं काही मिळणार नाही. उपाय दोन. पश्चिमेच्या खिडकीवरचा कूलर पूर्वेला किंवा उत्तरेला हलवा. पॅडं सेल्युलोजची घेतलीत तरी वाळल्यावर तीही पेटतात, म्हणून बाहेरून बारीक पोलादी जाळी लावा. आणि धूर दिसताच पहिलं काम: कूलर बंद, पॅडांवर दोन बादल्या पाणी, खिडकी आतून लावून घ्यायची.

जाळीबद्दल एवढंच की छिद्र २ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक हवं आणि जाळी स्टेनलेस किंवा गॅल्व्हनाइज्ड तारेची हवी. डासांची नायलॉनची जाळी निखारा लागताच वितळते आणि त्यापुढे खिडकी उघडी असते. कवेलूच्या पडवीत वळचणीकडची तोंडं उघडी असतात, त्यांत चिमण्यांची घरटी आणि आत वाळका बांबू. ही तोंडं चुना-वाळूच्या गिलाव्याने किंवा मातीने बुजवा. गोठ्याच्या पन्हाळी पत्र्याच्या टोकाशीही तशाच फटी असतात. पत्रे दगड-विटा ठेवून दाबलेले असतील तर ते काढून जे-हुक आणि रबरी वॉशर लावा, कडेच्या ओळीत हुक दुप्पट जवळ. वाऱ्यात उडालेला पत्रा आगीइतकाच घातक, आणि विजेच्या तारेवर पडला तर आगीचं कारणही तोच होतो.

भुसा घराच्या पश्चिमेला कधीही नको. पूर्वेला, घर आणि गोठा दोन्हींपासून किमान ३० मीटर, आणि एकाऐवजी दोन वेगळ्या ढिगांत. पश्चिमेच्या कुंपणाजवळ शिंदीची झाडं असतील तर खाली लोंबणाऱ्या वाळक्या झावळ्या मार्चच्या आधी उतरवून घ्या. पेटलेली झावळी वाऱ्यावर जळत जाते आणि शेतापलीकडे पडते. त्यापुढे नांगरलेला पट्टा कितीही रुंद असला तरी उपयोग नसतो.

नांगरलेला पट्टा हे खरं कवच. पश्चिमेच्या कुंपणाच्या आतून, शेजाऱ्याची तयारी असेल तर बाहेरून, आणि दक्षिणेला टेकाडाच्या पायथ्याशी. रुंदी किती? कंबाइनने कापलेल्या गव्हाची नरवाई गुडघ्याखाली असते, तिची ज्वाळा साध्या वाऱ्यात मीटर-दीड मीटर. तिला ५ मीटर पुरतात. जोराच्या वाऱ्यात ज्वाळा आडवी होते, तेव्हा १० मीटर हवेत. जागा नसेल तर तीन-तीन मीटरचे दोन पट्टे आणि मधलं गवत काढून टाकलेलं, हे एका सहा मीटरच्या पट्ट्यापेक्षा चांगलं, कारण पहिला ओलांडून आलेली आग दुसऱ्यापाशी लहान झालेली असते.

चूक होते ती काळ्या मातीत. कापणीनंतर आठ-दहा दिवसांत ती दगडासारखी होते. मग कल्टिव्हेटर वरवर खरवडतो, मोठी ढेकळं निघतात आणि काड ढेकळांवर तसंच पडून राहतं. लांबून पट्टा काळा, नांगरलेला दिसतो. जवळ जाऊन वाकून पाहिलं तर काडी काडीला लागलेली असते, आणि आग त्याच काड्यांवरून ढेकळाढेकळाने पलीकडे जाते. म्हणून कापणीनंतर लगेच, ओल आहे तोवर, आडवी-उभी दोन वेळा कल्टिव्हेटर आणि वरून एकदा रोटाव्हेटर. उशीर झाला असेल तर पट्ट्यापुरतं पाणी सोडून वाफसा आल्यावर करा. पट्ट्यात पाय घासत चाला. बुटाखाली काड वाजलं तर काम झालेलं नाही. बांधावरचं गवत विसरू नका. बांध नांगराबाहेर राहतो, त्यावर हातभर गवत वाळलेलं असतं, आणि दिव्याच्या वातीसारखी आग बांधावरून थेट कुंपणात येते. जिथे बांध पट्ट्याला छेदतो तिथे कुदळीने मातीपर्यंत सोलून घ्या.

याहूनही चांगला पट्टा म्हणजे हिरवं पीक. शेजारी उन्हाळी मूग घेत असेल तर कुंपणालगतच्या २०-२५ मीटरमध्ये मूग सर्वात आधी पेरायला सांगा. पाणी दिलेल्या मुगातून आग जात नाही. गंमत अशी की नरवाई पेटवायची घाईही बहुतेक मुगासाठीच असते, रान लवकर रिकामं हवं असतं. त्यामुळे बोलणं कापणीच्या आधी व्हायला हवं: स्ट्रॉ रीपर (नरवाई कापून भुसा करणारं यंत्र) कधी येणार, भुसा कोण नेणार, तुमच्या बाजूच्या चार ओळींचा रोटाव्हेटरचा खर्च तुम्ही द्याल का. तो खर्च द्या, घराच्या मानाने तो काहीच नाही. कायदाही आहे. मध्य प्रदेशात १९८१ च्या वायुप्रदूषण कायद्याखाली नरवाई जाळायला बंदी आहे, २ एकरांपर्यंत २,५००, ५ एकरांपर्यंत ५,००० आणि त्यावर १५,००० रुपये भरपाई. १ मे २०२५ पासून पेटवणाऱ्याची मुख्यमंत्री किसान कल्याण योजनेची मदत वर्षभर थांबवण्याचा आणि त्याचा माल हमीभावाने न घेण्याचा निर्णयही राज्याने केला. पण शेजाऱ्याला हा कागद दाखवून सुरुवात करू नका. आग लागली की सर्वात आधी ट्रॅक्टर घेऊन धावणारा तोच असणार आहे.

सगळ्या आगी पेटवलेल्याही नसतात. ढिल्या तारा वाऱ्यात एकमेकींवर आपटतात आणि वितळलेल्या धातूचे थेंब उभ्या गव्हात पडतात. झोल पडलेल्या तारा, खांबाला टेकलेली फांदी दिसली की फेब्रुवारीतच १९१२ वर तक्रार करून क्रमांक लिहून ठेवा. ट्रान्सफॉर्मरच्या खाली चारही बाजूंना दहा-दहा फूट गहू आधी हाताने कापून घेतात, ती पद्धत फार चांगली आहे. कंबाइनवर गरम एक्झॉस्टवर साचलेला भुसा पेटतो. चालकाला दर दोन-तीन तासांनी थांबून तो झटकायला सांगा, आणि कापणी चालू असताना नांगर जोडलेला ट्रॅक्टर बांधावर उभा असू द्या.

सिमरोल, चोरल, जानापावच्या बाजूला घर असलेल्यांसाठी वेगळं सांगायला हवं. तिथे सागाची-पळसाची पानगळ, खाली घाणेरी, आणि चढ. १० अंशांच्या चढावर आगीचा वेग दुप्पट होतो, २० अंशांवर चौपट. घाटाच्या कडेवरच्या घराला खालच्या बाजूने ३० मीटर मोकळीक लागते आणि आग खाली दिसली की निघायचंच, थांबायचं नाही. तिथे मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, आणि तो पेटवून माणूस घरी जातो. रेंजच्या वनरक्षकाचा फोन नंबर जवळ असू द्या. भारतीय वन सर्वेक्षणाच्या वन अग्नी पोर्टलवर नाव नोंदवलं तर उपग्रहाने टिपलेल्या आगीचा संदेश मोबाइलवर येतो. पण तो उपग्रह आपल्यावरून दुपारी दीडच्या सुमारास जातो आणि संदेश त्यानंतर येतो. चार वाजता लागलेली आग त्यात नसते. त्याला भोंगा समजू नका. शेजारच्या चार शेतकऱ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप जास्त कामाचा.

पाण्याकडे येऊ. पेट्रोलवरचा दोन इंची पंप १,००० लिटरची टाकी दोन-तीन मिनिटांत संपवतो. तो बंबाच्या माणसांच्या हाती ठीक. तुम्हाला उपयोगी आहे १६ लिटरचा पाठीवरचा बॅटरी पंप, मिनिटाला दोन-तीन लिटर टाकणारा. असे दोन, भरून, कीटकनाशक कधीही न घातलेले. २०० लिटरचे दोन ड्रम, पश्चिमेला एक आणि गोठ्यापाशी एक, लोखंडी बादल्या, आठ-दहा बारदानं भिजत घातलेली. बाहेरचा नळ जीआय पाइपचा करा, पीव्हीसी वाकून बसतो. ओलं बारदान आगीवर आपटायचं नाही, ठिणग्या उडतात. दाबून ओढायचं. नेहमी जळून काळ्या झालेल्या बाजूला उभं राहून, आगीच्या कडेने, मागून पुढे. तोंडासमोर कधीच नाही. ज्वाळा कमरेच्या वर गेली की हातातलं टाकून मागे फिरायचं, यात तडजोड नाही. आणि उलट आग लावून आग थांबवण्याचा प्रयोग करू नका, ते प्रशिक्षित लोकांचं काम आहे.

कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे, पायांत चामड्याचे बूट. नायलॉनची साडी, पॉलिस्टरचा सदरा अंगाला चिकटून वितळतो. पांघरायला घोंगडी ठेवा. लोकर सहज पेट घेत नाही, गोधडी धुमसते. धुरासाठी एन-९५ मास्क. तोंडावर ओला पंचा बांधल्याने राख अडते, बारीक धूर नाही.

आता आई-बाबा. माझं स्पष्ट मत असं की निर्णय धूर दिसल्यावर घ्यायचाच नाही. नियम आधी ठरवा आणि फ्रिजवर चिकटवा. शेजारची कापणी सुरू झाल्यापासून रान नांगरून होईपर्यंत, ज्या दिवशी झाडं डोलण्याइतका वारा सकाळी अकराच्या आत सुटेल, त्या दिवशी दोघांनी जेवून बारापर्यंत इंदूरच्या राजेंद्र नगरला किंवा जिथे कोणी आप्त असतील तिथे जायचं आणि दिवेलागणीला परतायचं. असे दिवस वर्षात फार नसतात. पिशवी तयार हवी: आठ दिवसांची औषधं, चष्मा, श्रवणयंत्राचे सेल, दम्याचा पंप, आधार कार्ड, ऋणपुस्तिका (जमिनीचं खातेपुस्तक) आणि रजिस्ट्रीच्या प्रती, थोडी रोकड. फाटक साडेचार मीटर रुंद असावं, बंब आत यायला तेवढं लागतं. फोन ११२ किंवा १०१. काय बोलायचं ते कागदावर हिंदीत लिहून फोनजवळ ठेवा: गाव, हलका (पटवाऱ्याचं क्षेत्र), जवळच्या ट्रान्सफॉर्मरचा नंबर, कुठल्या बाजूने वाट आहे.

आणि तरी अचानक आग आली आणि निघायला वेळ नसला, तर पक्क्या घरात राहणं हे पळण्यापेक्षा सुरक्षित. पत्र्याच्या गोठ्यात किंवा पडवीत नाही. जनावरांचे दोर सोडून फाटक उघडा, बांधलेलं जनावर मरतं, सुटलेलं वाट काढतं. गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, खिडक्या बंद, पश्चिमेचे पडदे काढून टाका, दाराखालच्या फटीत ओलं कापड. पूर्वेच्या खोलीत बसायचं, जिला बाहेर पडायला दार आहे. आगीचं तोंड जाईपर्यंत दोन-तीन मिनिटं भयंकर वाटतात. ते गेलं की लगेच बाहेर येऊन गच्ची, वळचण, कूलर, गोठा, या क्रमाने निखारे शोधायचे. शेतात सापडलात तर नांगरलेल्या रानाच्या मध्यावर किंवा आधीच जळलेल्या काळ्या पट्ट्यात जा. रस्ता धुराने भरला असेल तर त्यात गाडी घालू नका. तारांखाली धूर असेल तर दहा मीटर लांब राहा आणि तारांच्या दिशेने पाणी मारू नका.

भाजलं तर वाहतं साधं पाणी २० मिनिटं, मग स्वच्छ सुती कापड. बर्फ, तूप, हळद, टूथपेस्ट काही नाही. बांगड्या-अंगठ्या सुजण्याआधी काढा.

विझल्यानंतरचं काम लोक सर्वात कमी करतात. ८ ऑगस्ट २०२३ ला हवाई बेटांवरच्या लाहाइना गावात सकाळी तुटलेल्या वीजतारेने गवत पेटलं, ते विझलं असं मानलं गेलं, आणि दुपारी त्याच जागेतून वाऱ्याने पुन्हा उठलेल्या आगीत गाव गेलं. शंभराच्या आसपास माणसं गेली. पडीक शेतजमीन, वाळलेलं गवत, जोराचा वारा, म्हणजे आपलंच चित्र. काळ्या मातीच्या भेगांत काड शिरलेलं असतं, ते आत दिवसभर धुमसतं. उकिरडा, बांधावरचं खोड, शिंदीचा बुंधा यांत आग दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहते. हाताची मागची बाजू जमिनीजवळ धरून बघा, ऊब लागली की पाणी ओता, कुदळीने उकरा, पुन्हा ओता. पहिले चार तास दर अर्ध्या तासाने, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता, वारा चढल्यावर, नक्की एक फेरी.

भुश्याच्या ढिगाला झळ लागली असेल तर बाहेरून पाणी मारून तो विझत नाही. वरचा थर भिजतो, पाणी घसरून जातं, आत कोळसा तसाच. संध्याकाळी वारा पडल्यावर, हाताशी भरलेले दोन पंप ठेवून, दाताळ्याने थर ओढून मोकळ्या जमिनीवर वीतभर उंचीत पसरा आणि एकेक थर भिजवा. राहिलेला चांगला भुसा त्याच जागी परत रचू नका, निदान तीन दिवस उघड्यावर पसरलेला असू द्या.